बाल संरक्षण कक्षात कायद्याचं काम: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बाल कल्याण समितीचा आदेश बहुतेक वेळा एक-दीड पानाचा असतो. मूल घरी जाणार की बालगृहात राहणार, हे त्या पानावर ठरतं. ते पान लिहिण्याआधी समितीच्या टेबलावर जे कागद यायला हवेत ते गोळा करणं, तपासणं आणि वेळेत पोहोचवणं हे जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कायद्याच्या माणसाचं काम. शाळेने एका पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून वयाचा निर्णय लांबतो, त्यामुळे अंतिम आदेश लांबतो, आणि ज्याचं घर धडधाकट आहे असं मूल महिनोन् महिने संस्थेत बसून राहतं. कायदा माहीत असूनही हे घडतं, कारण कागदाचा पाठपुरावा कुणाचाच नसतो. तो तुमचा आहे, असं धरून पुढचं वाचा.

पद कोणतं आणि हद्द कुठवर

केंद्राच्या बाल संरक्षणासाठीच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रत्येक जिल्ह्याच्या कक्षात 'विधी तथा परिविक्षा अधिकारी' असं पद आहे. त्याला कायद्याची पदवी लागते आणि महिला-बालहक्कांच्या क्षेत्रातला कामाचा अनुभव लागतो. पद कंत्राटी असतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मानधन दरमहा २७,८०४ रुपये धरलेलं आहे. काम किती आहे ते पाहता हे मानधन तोकडं आहे, आणि चांगली माणसं टिकत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाची. त्याला वकिलीची पदवी लागत नाही. प्राधिकरण निवड करून प्रशिक्षण देतं. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मे महिन्यात 'बचपन बचाओ आंदोलन' प्रकरणात सांगितलं. समिती आणि बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणारं) यांच्या कामातही त्यांची मदत होते.

दोन्ही पदांना एक हद्द सारखीच लागू आहे. तुम्ही मुलाचे वकील नाही आणि सरकारी वकीलही नाही. समितीपुढे युक्तिवाद करायचा नाही, आणि पालकांना निकालाचा अंदाज तर मुळीच द्यायचा नाही. बाहेरच्या बाकावरची आई विचारते, "साहेब, आमचं पोरगं कधी मिळणार?" याला उत्तर असं द्यावं: "ते समिती ठरवेल, ताई. पुढची तारीख सोमवारची आहे. त्या दिवशी मुलाचा जन्माचा दाखला, तुमचं रेशनकार्ड आणि मुलाच्या शाळेचं पत्र घेऊन या." तिला वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. हा आकडा कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

रुजू झाल्यावर आधी एवढं करा

कपाटातली पुस्तकं बहुधा जुनी निघतील. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा मूळ कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, पण २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली आणि तिने बरंच बदललं. दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालय देत असे, आता जिल्हाधिकारी देतात. दुरुस्ती नसलेली प्रत टेबलावर राहिली तर अर्ज चुकीच्या दारी जातो. सोबत केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम, महाराष्ट्राचे २०१८ चे नियम, पोक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबाबतचा) आणि त्याचे २०२० चे नियम, दत्तक विनियम २०२२, बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ एवढं हाताशी असू द्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब पूर्वी कलम १६४ चा होता, आता १८३ चा आहे. पत्रांचे जुने नमुने उघडून हे क्रमांक आधी दुरुस्त करा.

मूळ कायद्यात, म्हणजे बाल न्याय अधिनियमात, सुरुवात कलम ३ पासून करा; पुढे नुसतं 'कलम' म्हटलं की ते याच कायद्याचं. त्यात सोळा तत्त्वं आहेत: मुलाचं सर्वोत्तम हित, मुलाचा सहभाग, कलंक लावणारी भाषा टाळणं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. बाकी कलमं गरजेप्रमाणे वाचली तरी चालतं. ही सोळा मात्र डोक्यात पक्की असली की आदेशाचं कुठलंही वाक्य त्यांच्यावर घासून पाहता येतं.

मग एक वही करा. संगणकावरची चालेल, पण रोज उघडली जाईल अशी हवी. प्रत्येक मुलासाठी एक ओळ: प्रकरण क्रमांक, पहिल्यांदा हजर केल्याची तारीख, सामाजिक तपासणी अहवालाची मुदत, अंतिम आदेशाची मुदत, कुठला कागद कुणाकडे अडला आहे, आणि त्याचं शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं. आवक-जावक नोंदवही कार्यालयाची असते, ही वही मुलांची. मुदती भरायला फार अक्कल लागत नाही. तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत, असं कलम ३६ सांगतं. अवघड भाग 'कुणाकडे अडला' हा रकाना रोज खरा ठेवण्याचा आहे.

पहिले चोवीस तास

मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत समितीसमोर यायला हवं (कलम ३१). आणणारं कुणीही असू शकतं: पोलीस, १०९८ या बाल हेल्पलाइनचे कार्यकर्ते, कामगार निरीक्षक, परिचारिका, एखादा जागरूक नागरिक, किंवा खुद्द मूल. समितीची बैठक त्या दिवशी नसेल म्हणून कुणी मुलाला ठाण्यात बसवून ठेवत असेल तर त्याला कलम २८ दाखवा. बैठक नसताना एकट्या सदस्यासमोरही मूल हजर करता येतं. अंतिम निकालाला मात्र किमान तीन सदस्य लागतात.

हजर करतानाचा अहवाल आदर्श नियमांत फॉर्म १७ आहे. तो हातात आला की आधी वेळ पाहा. 'दि. १२ रोजी मिळून आला' एवढ्यावर चालत नाही; किती वाजता, कुठल्या फलाटावर, कुणाला, हे हवं. चोवीस तास मोजायचे तर तास लिहिलेला पाहिजे. मग पोलीस ठाण्याची नोंद पाहा. हरवलेल्या अल्पवयीन मुलाबाबत दुसऱ्या एखाद्या ठाण्यात अपहरणाचा गुन्हा, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३७, आधीच दाखल असू शकतो. ते ठाणं आणि ही समिती यांना एकमेकांची खबर नसते. दोन फोन केलेत तर काही वेळा त्याच संध्याकाळी आईवडिलांचा पत्ता लागतो.

मुलाची भाषा कोणती, हेही पहिल्या पानावर यावं. रेल्वेतून उतरलेलं मूल भोजपुरी, कन्नड किंवा पावरी बोलत असेल आणि जबाब मात्र अस्खलित मराठीत असेल, तर तो कुणी सांगितला आणि कुणी समजून लिहिला, याची नोंद नसलेला कागद पुढे कुचकामी ठरतो. दुभाषी लागल्यास त्याचं नाव आणि सही घ्या. मुलाच्या अंगावर जखम, वळ काही असल्यास वैद्यकीय तपासणीचं पत्र त्याच दिवशी जाऊ द्या. वळ दोन दिवसांत फिके पडतात.

सहा वर्षांखालचं, अनाथ किंवा सोडून दिलेलं वाटणारं बाळ असेल तर त्याची जागा बालगृहात नाही. जिथे विशेष दत्तक संस्था, म्हणजे शिशुगृह, उपलब्ध आहे तिथे ते त्यात जायला हवं.

वयाचा पुरावा: सगळ्यात जास्त वाद इथे होतात

कलम ९४ चा क्रम पाठ करा. मूल दिसायलाच लहान असेल तर समिती तशी नोंद करून पुढे जाऊ शकते, दाखल्यासाठी थांबायचं कारण नाही. शंका असेल तेव्हाच पुरावा. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र; ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला; आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी किंवा दुसरी वैद्यकीय चाचणी. ती तपासणी आदेशापासून पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

हा क्रम बरेचदा उलटा फिरतो. पोलीस मुलाला थेट सिव्हिल हॉस्पिटलला नेतात, एक्स-रे काढतात आणि '१७ ते १९' असा अहवाल आणतात. हाडांच्या तपासणीत दोन वर्षांचा मागेपुढे फरक न्यायालयं धरून चालतात. सोळा-सतराच्या मुलाबाबत तो अहवाल जवळजवळ काहीच सांगत नाही. तोवर गावच्या शाळेला कुणी पत्रही पाठवलेलं नसतं.

शाळेकडून काय मागायचं, हेही नीट लिहा. शाळा सोडल्याचा दाखला सगळेच देतात. पण २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बदली दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे कलम ९४ ला हवं ते जन्मतारखेचं प्रमाणपत्र होत नाही. त्यामुळे पत्रात तीन गोष्टी मागा: मुख्याध्यापकांच्या सहीचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र, जनरल रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत, आणि प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख कशावरून लिहिली याची माहिती. तिसरी गोष्ट सर्वात मोलाची. आपल्याकडे कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून लागलेली असते, कारण प्रवेशाच्या दिवशी दाखला नव्हता आणि गुरुजींनी वर्षाच्या हिशेबाने तारीख घातली. १ जून दिसली की दाखला खोटा असं मुळीच समजू नका, पण मूळ कागद शोधायचा कंटाळाही करू नका.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. दुसरी आवर्जून वाचा. जन्माच्या आठवडाभरात झालेली नोंद आणि गुन्हा दाखल झाल्यानंतरच्या महिन्यात केलेली नोंद यांना सारखं वजन देता येत नाही. आधार कार्ड ओळखीसाठी ठेवा. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

एकदा समितीने किंवा मंडळाने वय नोंदवलं की या कायद्यापुरतं तेच खरं वय मानलं जातं. म्हणून हे काम घाईत उरकू नये, आणि रेंगाळूही देऊ नये. शाळेला पत्र पोस्टाने, ईमेलने आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतीसह पाठवा. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर समितीच्या सहीचं स्मरणपत्र काढा. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिचं पत्र मुख्याध्यापक बाजूला ठेवत नाहीत.

सामाजिक तपासणी अहवाल

कार्यालयात याला गृह चौकशी अहवाल म्हणतात. आदर्श नियमांत फॉर्म २२. घरी बहुधा सामाजिक कार्यकर्ता किंवा क्षेत्रीय कार्यकर्ता जातो, कधी तुम्हीही जाल. कुणीही जावो, समितीपुढे ठेवण्याआधी तो वाचून त्यातली भोकं दाखवणं तुमच्याकडे आहे.

'घरची परिस्थिती बेताची असून वातावरण मुलाच्या वाढीस पोषक नाही.' हे वाक्य शेकडो अहवालांत सापडेल. त्यातून समितीला काहीही कळत नाही, आणि तरी त्याच्या जोरावर मूल संस्थेत राहतं. त्याऐवजी असं हवं: 'दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आई सकाळी सात ते दुपारी तीन कामाला जाते. त्या वेळात आजी घरी असते. आजीशी प्रत्यक्ष बोलणं झालं, ती हिंडतीफिरती आहे. वडील दारू पिऊन मारतात असं शेजारच्या दोघींनी सांगितलं. आईला विचारलं, तिने नाकारलं नाही. मूल म्हणतं, आजीजवळ राहायचं आहे. शाळेची मागच्या सत्रातली हजेरी जोडली आहे.' इथे पाहिलेलं, ऐकलेलं आणि मुलाचं म्हणणं वेगवेगळं कळतं. अहवाल लिहिणाऱ्याचं मत शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, कारणांसह यावं.

गरिबी आणि हेळसांड यांची गल्लत करू नका; या कामातली सर्वात महागडी गल्लत ती आहे. घरात पैसा नाही म्हणून मूल बालगृहात ठेवण्याची शिफारस दिसली तर तो अहवाल थांबवा आणि प्रायोजकत्वाचं, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला दरमहा मिळणाऱ्या मदतीचं काय, असं विचारा. कलम ४५ मध्ये विधवा, घटस्फोटित किंवा सोडून दिलेल्या आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, आईवडिलांना जीवघेणा आजार किंवा अपघाताने अपंगत्व आलेली घरं यांचा उल्लेख आहे. मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे दरमहा ४,००० रुपये आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवं. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी, ती दरमहा २,२५० रुपयांची. कुठली लागू होते ते पाहून मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं ही कागदपत्रं गृहभेटीतच गोळा करून आणायला सांगा. नाहीतर त्या बाईला तहसीलच्या पाच चकरा पडतात, आणि एकेका चकरेला तिची रोजी बुडते.

आदेशाचा कच्चा मसुदा

अनेक ठिकाणी सदस्य तोंडी सांगतात आणि मसुदा कक्षाचा माणूस करतो. यात एक मर्यादा पाळा. घटना, कागद, तारखा, लागू होणारी कलमं हे तुम्ही लिहा. कारणांचा परिच्छेद सदस्यांनी सांगितल्याशिवाय लिहू नका. तुम्ही निष्कर्ष लिहून ठेवायचा आणि तिघांनी सह्या करायच्या, अशी सवय लागली की समिती फक्त शिक्क्यापुरती उरते. अपील झालं की ते उघडही पडतं. अपिलाची मुदत आदेशापासून तीस दिवस, बाल न्यायालयात; प्रतिपालकत्व (मुलाला दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्व-अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची मदत) यांच्या निर्णयांपुरतं ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं (कलम १०१).

आदेशात मुलाचं म्हणणं आलंय का, हे पाहा. घरी सोडण्याचा आदेश असेल तर देखरेख कोण करणार, पहिली भेट कधी, हे नावानिशी व तारखेनिशी यावं. 'आवश्यक तो पाठपुरावा करावा' असं लिहिलं की पाठपुरावा कुणीच करत नाही. संस्थेत ठेवण्याचा आदेश असेल तर पुढच्या आढाव्याची तारीख हवी आणि वैयक्तिक काळजी आराखडा, फॉर्म ७, कधीपर्यंत येणार तेही. घरच्यांना प्रत मिळाल्याची पोहोच घ्या. प्रत वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

दत्तकासाठी मुक्त करण्याची प्रकरणं

ही संख्येने थोडी असतात, पण इथला प्रत्येक आठवडा बाळाच्या आयुष्यातून जातो. अनाथ किंवा सोडून दिलेलं बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर हजर केल्यापासून दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्याचं समितीने जाहीर करायचं असतं (कलम ३८). त्याआधी पालकांचा शोध घेतल्याचा पुरावा लागतो: वर्तमानपत्रातली जाहिरात, पोलिसांचा शोध लागला नसल्याचा अहवाल, शिशुगृहाचा अहवाल. अडतो तो नेहमी पोलिसांचा अहवाल. बाळ आलं त्याच आठवड्यात ठाण्याला पत्र द्या आणि वही पाहून दर पंधरवड्याला ठाण्याला त्याची आठवण द्या.

स्वतःहून बाळ सुपूर्द करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात (कलम ३५). ती मुदत त्यांना समजेल अशा शब्दांत सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. सही करणारी मुलगी एकोणीस वर्षांची, घाबरलेली, घरच्यांच्या दबावाखाली असू शकते. घाईने सही घेऊ नका, समुपदेशकाला बोलवा, नातेवाइकांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलू द्या. आणि कुणी तिच्यावर गुन्हा दाखल करायला निघालं तर कलम ३८ चं परंतुक दाखवा: सोडून दिलेल्या किंवा सुपूर्द केलेल्या बालकाच्या चौकशीत जन्मदात्यांवर गुन्हा नोंदवायचा नाही.

पोक्सोचं प्रकरण आलं तर

पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचं असतं. प्राथमिक मूल्यमापनाचा फॉर्म ब सोबत आहे का पाहा. अत्याचार करणारा त्याच घरात राहत असेल, किंवा मूल संस्थेत असेल वा त्याला घरच नसेल, तर ते समितीसमोर हजर करावं लागतं, आणि त्याला घरातून हलवायचं का याचा निर्णय तीन दिवसांत व्हावा लागतो. साहाय्यक व्यक्ती नेमण्यासाठी मूल आणि पालक यांची संमती घ्या. ही व्यक्ती तपासात आणि खटल्यात मुलासोबत असते. तिची नेमणूक आदेशात नुसती लिहून ठेवली आणि तिला फोनच गेला नाही, असं होऊ देऊ नका.

झालेली गोष्ट मुलाला पुन्हा विचारायची नाही. तुम्हाला ती कागदावर हवी असेल तर प्रथम खबरीतून घ्या. मुलाने तोच प्रसंग आईला, ठाण्यात, दवाखान्यात आणि दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलेला असतो.

पैशाची मदत दोन प्रकारची आहे आणि दोन्ही मागाव्या लागतात. २०२० च्या नियमांतल्या नियम ८ प्रमाणे अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती शिफारस करू शकते, आणि ती मिळाल्यापासून आठवड्यात रक्कम द्यायची असते. नुकसानभरपाई विशेष न्यायालय ठरवतं. अंतरिम भरपाईसाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही आणि आरोपी सुटला तरी ती मिळू शकते. कुटुंबांना यातलं काही माहीत नसतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून अर्ज करून घ्या.

मुलगी गरोदर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिचे आठवडे मोजा. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना आणि अत्याचारपीडितांना चोवीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने आणि पालकाच्या लेखी संमतीने, गर्भपात करून घेता येतो. यासाठी समितीची परवानगी लागत नाही. ती आणा म्हणून रुग्णालय अडवत असेल तर त्याच दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांना गाठा. चोवीस आठवड्यांपुढे उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि तिथे गेलेला प्रत्येक दिवस महत्त्वाचा असतो. गर्भाचे नमुने पुराव्यासाठी जपायचे आहेत हे तपास अधिकाऱ्याला आधीच लेखी कळवा.

बाल न्याय मंडळाकडची कामं

विधी संघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकांबाबत तुमचं काम परिविक्षेचं, म्हणजे तपासणी आणि देखरेखीचं. सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत, चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत आणि फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतीनंतरही चौकशी संपली नाही तर ती बंद होते. जामीन हा नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. एक गोष्ट मात्र दर आठवड्याला तपासा: जामीन मंजूर झाला पण जामीनदार नाही म्हणून कुणी निरीक्षणगृहात राहिलंय का. सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर अटी बदलून घेण्यासाठी त्याला मंडळासमोर आणावं लागतं (कलम १२). निरीक्षणगृहाकडून सोमवारी यादी मागवा.

कागदावर 'आरोपी', 'गुन्हेगार', 'अटक' हे शब्द येऊ देऊ नका.

गुप्तता

मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील माध्यमांत उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो (कलम ७४). वर्तमानपत्रं आता बऱ्यापैकी सांभाळतात. गळती होते ती आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांतून. 'आज बालविवाह रोखण्यात यश' म्हणून मुलीचा फोटो गटावर टाकला जातो आणि तासाभरात गावात पोहोचतो. ज्या मुलीला आपण वाचवलं म्हणतो, तिला त्याच गावात पुढची वर्षं काढायची असतात. फोटो काढणाऱ्याला तिथेच थांबवा, तो वरिष्ठ असला तरी.

फाइलींची नावं प्रकरण क्रमांकाने द्या. पाकिटावर 'गोपनीय' लिहून ते बंद करा. अहवालाची नक्कल कुणी मागितली, पत्रकार असो की मुलाचा काका, तर अर्ज समितीपुढे ठेवा. कलम ९९ प्रमाणे हे अहवाल गोपनीय आहेत आणि कुणाला काय कळवायचं ते समिती ठरवते.

मूल दुसऱ्या जिल्ह्याचं असेल तर

कलम ९५ प्रमाणे, मुलाच्या जिल्ह्यातल्या समितीशी सल्लामसलत करून मूल तिकडे पाठवता येतं. पोलीस सोबतीचा आदेश पंधरा दिवसांत निघायला हवा, मुलीसोबत महिला पोलीस हवी, आणि प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा असतो. भत्त्याचा प्रस्ताव पाठवायचं राहतं आणि मूल थांबून राहतं, म्हणून लेखापालाकडे तो आदेशाच्याच दिवशी द्या.

पाकिटात हजेरीचा अहवाल, सगळे आदेश, वैद्यकीय कागद, तपासणी अहवाल, वयाचे पुरावे, मुलाच्या वस्तूंची यादी जाऊ द्या. लस, औषधं, अ‍ॅलर्जी यांचा एक वेगळा कागद सर्वात वर लावा, कारण तिथला अधीक्षक रात्री आधी तोच शोधेल. मूल निघालं की पलीकडच्या कक्षातल्या तुमच्याच पदावरच्या माणसाला फोन करा, गाडीची वेळ सांगा. पोहोच लेखी घ्या. मुलाला तिथल्या समितीसमोर हजर केल्याची तारीख कळल्यावरच वहीतली त्याची ओळ बंद करा, आणि दहा दिवसांत कळलं नाही तर पत्र लिहा.